आईला दिसलेला रस्ता

पिकलेल्या चिकूचा वास आला की मला २०१७ सालची डहाणूच्या घरातली एक दुपार आठवते. लहानपणी मी आणि आई खेळायचो, तो गाड्यांच्या शर्यतीचा गेम नव्या, स्वच्छ चित्रांसह पुन्हा आला होता. मी तो हौसेने आणला, पण लावल्यावर म्हणालो, "नुसता रंग दिलाय. जुनाच बरा होता."

गंजाडच्या शाळेतून नुकतीच निवृत्त झालेली आई चिकूचे चिकट हात पुसून रिमोट घेऊन बसली आणि पहिल्याच वळणावर माझ्यापुढे गेली.

"तू तर कायम हरायचीस."

"तेव्हा त्या धूसर चित्रात मला रस्ताच दिसायचा नाही रे. तुझ्याजवळ बसायला मिळायचं, म्हणून खेळायचे."

तिने ती शर्यत जिंकली आणि पुढचीही.

जुना गेम नव्याने घ्यावा का, असं कुणी विचारलं तर मी बेधडक हो म्हणतो. त्या दुपारी आई पहिल्यांदा खरी खेळली, आणि मी आनंदाने हरलो.