बापू परबांचे नऊ जर्मन मग

कोणी काही जमवायला लागलं, की शेजाऱ्यांकडे किस्से जमायला लागतात. बापूंचे मग फळीवर, किस्से आमच्या तोंडात. आणि किस्से पुसावे लागत नाहीत.

बापू परब परळच्या एका गिरणीत फिटर. भोईवाड्याच्या आमच्या चाळीत माझ्या शेजारची खोली त्यांची. यंत्रं बसवायला आलेल्या एका जर्मन इंजिनिअरने मायदेशी जाताना त्यांना बिअरचा जुना मग दिला. मातीचा, वर हरणं आणि शिकारी, कथलाचं झाकण, अंगठ्याने दाबलं की उघडणारं. जन्मात सुपारी न खाल्लेला माणूस, पण मगावर असा भाळला, की जुना बाजार आणि शिवडीची गोदी धुंडाळून नऊ मग जमवले. तेही दारूबंदीच्या मुंबईत!

नर्मदावहिनींचा जीव मात्र लेकीच्या, कुसुमच्या लग्नात अडकलेला. दोन स्थळं ती फळी बघूनच परत गेली होती. "ह्या मगांपायी माझ्या चेडवाचां लगीन अडकतलां," म्हणून त्या रडायच्या. रडून झालं की फडकं घेऊन तेच मग पुसायच्या.

* * *

एकदा कोणीतरी चुगली केली आणि हवालदार आला. एकेका मगात नाक घालून वास घेऊ लागला. तिसऱ्यात वहिनींनी हिंग ठेवला होता. शिंकून शिंकून बेजार झाला बिचारा.

"परमिट आहे का?" त्याने डोळे पुसत विचारलं.

"रिकाम्या भांड्याला परमिट लागत असेल, तर आमच्या कळशीचंही देऊन टाका," बापू म्हणाले. वहिनींनी त्याला पाणी दिलं. ते मात्र पेल्यातून.

* * *

एका मगाभोवती जर्मन अक्षरं होती. बापूंना वाटायचं, काहीतरी थोर विचार असणार. मला घेऊन गिरगावात जर्मन शिकवणाऱ्या एका प्रोफेसरांकडे गेले.

प्रोफेसरांनी मग फिरवून वाचलं. "पिऊन झाल्याशिवाय घरी जाऊ नकोस, असं लिहिलंय."

परतताना बापूंनी मग अक्षरं आतल्या बाजूला वळवून काखेत धरला. घरी वहिनींनी विचारलं, तर म्हणाले, "लिहिलंय, काम आटपून वेळेवर घरी जावं." मी खाली मान घालून चहा प्यालो.

* * *

संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा चाळीखालून चालला होता. ऊन मी म्हणत होतं. पेले पुरेनात, तेव्हा बापूंनी छातीवर दगड ठेवून मग काढून दिले. गिरणीतले गडी रस्त्याकडेला उभे राहून घटाघटा पाणी पितायत, झाकणं नाकावर आपटतायत! पुढारी मागे वळून बघतात तो हे दृश्य.

"अरे, राज्य तरी मिळू द्या आधी," ते म्हणाले.

* * *

पुढे कुसुमला तिसरं स्थळ आलं. मुलगा चांगला, नोकरी पक्की, कुसुमच्याही मनात भरलेला. पण मुलाचे वडील म्हणजे दारूबंदीवर भाषणं देणारे गुरुजी. हे हातचं गेलं तर वहिनी अंथरूण धरतील, असं आम्हाला सगळ्यांनाच वाटत होतं. म्हणून ते मुलगी बघायला यायच्या आदल्या दिवशी नऊ मग नऊ खोल्यांत वाटून टाकले. बापूंची फळी लख्ख रिकामी.

फक्त एक गोष्ट आमच्यातल्या कोणालाच सुचली नाही. मुलीच्या घरी जाण्याआधी शेजारीपाजारी चौकशी करायची, ही आमच्याकडची रीतच.

गुरुजी पहिल्यांदा माझ्याकडे आले. टेबलावर मग, त्यात माझा कंगवा. त्यांनी मगाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. चहाही नको म्हणाले. कांबळे मास्तरांकडे मगात टाक आणि पेन्सिली. सावंतांच्या म्हातारीने त्यात लोणचं भरलेलं. गुरुजी नऊच्या नऊ खोल्या फिरले. मुलगी गुणी, घर सज्जन, असं आम्ही घसा कोरडा होईस्तोवर सांगत होतो, आणि त्यांचा चेहरा दर खोलीगणिक कडू होत होता.

शेवटी ते बापूंकडे गेले. आम्ही गॅलरीत श्वास रोखून उभे. वहिनींच्या तोंडात पदराचा बोळा. पोहे झाले, प्रश्न झाले. निघताना गुरुजींनी दारातच बापूंच्या खांद्यावर हात ठेवला.

"परब, मुलगी पसंत आहे. पण लग्न महिन्याभरात उरकून टाकू. असल्या दारुड्यांच्या शेजारात पोर जास्त दिवस ठेवू नका."

बापूंनी सावकाश आमच्या सगळ्यांवरून नजर फिरवली आणि हात जोडले.

"काय सांगू गुरुजी," ते म्हणाले, "सहन करतो झालं."