ढोबळी मिरचीचं वाण

माझा नवरा निवृत्त झाला त्या हिवाळ्यात त्याने घरात बी रुजवायला घेतलं. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते, पण लिहिताना ‘तो’ म्हणायला बरं वाटतं.

झाडांशी त्याचा तोवर काही संबंध नव्हता. आयुष्यभर सरकारी कचेरीत लोकांच्या अर्जांतल्या चुका काढल्या, सही राहिली म्हणून म्हातारी माणसं परत पाठवली. वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेतल्या आमच्या घरापुढची तुळस माझ्या पाण्यावर जगली. निवृत्तीनंतर महिनाभर फोन वाजत होता, मग थांबला. हाताखाली कोणी नाही हे त्याला सोसेना. तेवढ्यात मोबाइलवर एक गोरा गृहस्थ भेटला. त्याच्या खिडकीबाहेर बर्फ पडत होता आणि तो सांगत होता की टोमॅटो आणि ढोबळी मिरचीचं बी घरात, उबेला, दिव्याखाली रुजवावं.

आमच्या खिडकीबाहेर डिसेंबरातही दुपारपर्यंत पापड कडकडीत वाळतात. पण ते सांगणार कोणाला? कुरियरने गरम होणारी चटई आली. वर्ध्यात, गरम होणारी चटई. मग जांभळा दिवा आला, झाकणाचे ट्रे आले, नारळाच्या भुशाच्या विटा आल्या. बियांच्या पाकिटांवर लाल-पिवळ्या ढोबळ्या मिरच्या आणि द्राक्षांसारखे लोंबणारे टोमॅटो छापलेले होते.

पूर्वेच्या खोलीत माझं शिलाई मशीन होतं. कॉलनीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाऊज त्या खोलीत शिवले गेलेत. मी बाजारात गेले असताना त्याने मशीन न्हाणीघराच्या बोळात नेऊन ठेवलं आणि खोलीच्या दारावर कागद चिकटवला: परवानगीशिवाय प्रवेश नाही. घरात आम्ही दोघंच. परवानगी देणारा तो, मागणारी मी.

टोमॅटो आठवड्याभरात उगवले. त्यात त्याचं कर्तृत्व काही नव्हतं. आमच्या मोरीच्या तोंडाशीसुद्धा टोमॅटो आपोआप उगवतो. पण त्याने पुण्याच्या मुलीला व्हिडिओ कॉल लावून एकेक कोंब दाखवला. तीही शहाणी, ‘बाबा, किती गोड’ म्हणाली. मिरची मात्र वर येईना. मग हा रोज सकाळी टूथपिकने माती उकरून बी बाहेर काढायचा, चष्म्यापाशी धरून बघायचा आणि परत पुरायचा. एखाद्या बीला जगायची इच्छा असेलच, तर ती त्या टूथपिकने मेली असणार.

टोमॅटोची रोपं दोऱ्यासारखी लांब आणि फिकट झाली. खोलीत दमट कोंदट वास येऊ लागला. एकदा तो आंघोळीला गेलेला पाहून मी आत जाऊन खिडकी उघडली. तो टॉवेलवरच धावत आला.

“खिडकी काऊन उघडून राह्यली?”

“वारा लागू द्या जरा त्यायले. गुदमरून राह्यली.”

“तुले त्यातलं काय समजते?”

त्याने खिडकी लावली आणि सगळ्या ट्रेंवर पुन्हा पाणी मारलं. पाणी मारण्याची एक बाटली होती, तिच्यावर त्याचा फार जीव. त्यानंतर दोन-तीन दिवसांत रोपं बुडाशी पाणचट होऊन एका बाजूने आडवी पडायला लागली, आणि आठवडा संपायच्या आत एकही उभं राहिलं नाही. मिरचीची जी थोडी रोपं उशिरा का होईना वर आली होती ती त्याने घाबरून गच्चीवर भर दुपारच्या उन्हात नेऊन ठेवली. चार वाजता ती चहाच्या चोथ्यासारखी दिसत होती. हे सगळं माझ्या फोडणीच्या ठसक्याने झालं, असा त्याने निष्कर्ष काढला. मी दोन दिवस फक्त खिचडी केली. भीतीने नाही, कंटाळ्याने.

एवढ्यावर मिटलं असतं. पण याने आधीच कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाहीर करून ठेवलं होतं की यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लास्टिकच्या डब्या वाटू नका, प्रत्येकीला वाण म्हणून माझ्या हातची रंगीत ढोबळी मिरचीची रोपं मिळतील. खाली टाळ्यांची रांग लागली होती. टाळ्या वाजवणाऱ्यांत असे कितीतरी होते ज्यांनी अंगणात फरशी घालून मातीचा कणही शिल्लक ठेवलेला नाही.

मला वाटलं, आता सांगेल, नाही जमलं म्हणेल. लोक काही म्हणाले नसते. त्याने सकाळी गाडी काढली आणि मला चल म्हणाला. शहरातल्या रोपवाटिकेत ओळखीचं कोणी भेटलं असतं, म्हणून थेट जाम गावाच्या रस्त्याला. कशाला ते मी विचारलं नाही. मला कळलं होतं, आणि मला कळलंय हे त्यालाही कळलं होतं.

रोपवाटिकेचा मालक कानाला फोन लावून एका पिकअपमध्ये ट्रे चढवत होता. याने ढोबळी मिरची मागितली. त्याने हनुवटीने एका कोपऱ्याकडे दाखवलं.

“शिमलाच होय ना हे?” नवऱ्याने विचारलं.

“होय होय, साहेब. मिरचीच हाय. घेऊन जा.”

एका वेलांटीसाठी माणसाला तीन खेटे घालायला लावणारा हा अधिकारी, त्या ‘होय होय’वर समाधान पावला. रोपं डिकीत ठेवताना त्याने वरून माझी शाल पांघरली.

घरी येऊन त्याने ती कागदी पेल्यांत लावली आणि प्रत्येकावर छापील चिठ्ठी लावली. हळदीकुंकवाला तो बायकांच्या घोळक्यात उभा राहिला, जिथे पुरुष सहसा फिरकतही नाहीत, आणि एकेकीच्या हातात पेला देताना दिवसाला किती पाणी घालायचं ते सांगत होता. त्याचा चेहरा निवृत्तीनंतर प्रथमच मोकळा दिसला. मला त्याची दया यायला हवी होती. थोडी आलीही, पण तेवढ्यात त्याने शेजारच्या वहिनींना सांगितलं की ही रोपं त्याने लेकरांसारखी वाढवली, आणि ती दया गेली.

मार्चअखेर मिरच्या लागल्या. लांब, बारीक, टोकाला वाकड्या आणि जाळ. ढोबळीचं नाव नाही. शेजारच्या वहिनींनी अजून मोठी होईल म्हणून आठवडाभर वाट पाहिली, मग एक तोडून चावली आणि घरभर पाणी पाणी करत फिरल्या. आता उघडं पडणार म्हणून मी वाट बघत होते. पण आमच्या लोकांना तिखट मिळालं की बाकी काही विचारायचं नसतं. चुनात, म्हणजे पिठल्यात टाकली, ठेचा केला, आणि कॉलनीभर मिरचीचं कौतुक सुरू झालं. ढोबळी कुठे गेली असं कोणी विचारलंच, तर नवरा म्हणायचा, आपल्या मातीत ढोबळी टिकत नाही, म्हणून मुद्दाम गावरान लावली.

एप्रिलमध्ये कॉलनीच्या समितीची सभा झाली. अध्यक्षपदासाठी त्याचं नाव पुढे आलं. एकाने विचारलं, एवढी रोपं घरात रुजवली तरी कशी? नवरा उठला. त्याने चटई सांगितली, दिवा सांगितला, रोज सकाळी खिडकी उघडून वारा देणं किती महत्त्वाचं ते सांगितलं. मग माझ्याकडे हात केला.

“हिले विचारा. हिनं सगळं पाह्यलं.”

सगळे माझ्याकडे वळले.

“रोपं विकतची होती,” मी म्हटलं. “जामच्या रस्त्यावरून आणली.”

शेजारच्या वहिनी हसल्या, आणि त्यांच्यामागे सगळी सभा. बायको नवऱ्याची फिरकी घेते, एवढाच अर्थ त्यांना लागला. कोणीतरी म्हणालं, घर की मुर्गी. दोन मिनिटांत तो बिनविरोध निवडून आला.

परत येताना मी वाट बघत होते की तो चिडेल. तो हार हातात घेऊन शांतपणे चालत होता. कोपऱ्यावर आल्यावर म्हणाला, “चारचौघात अशी मस्करी नोको करत जाऊ. एखाद्याले खरं वाटते.”

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात तो खोटं बोलताना कसा दिसतो ते मला पाठ आहे. डावी भुवई जरा वर जाते. ती गेली नव्हती. तो खरंच तसं मानत होता.