तेरा आणि चौदाच्या मधली गोळी

पारोळ्यात किल्ल्याच्या खंदकालगत हारुन मिस्त्रींचं बंदूक दुरुस्तीचं दुकान आहे. परवाना वडिलांच्या काळापासूनचा. आता महिन्याकाठी एखादं गिऱ्हाईक आलं तर आलं. बाकी वेळ मिस्त्री खुर्चीत बसून खंदकातल्या हिरव्या पाण्याकडे बघत राहतात. बघता बघता डोळा लागतो आणि मग वडील येतात, कानशीला धार नाही म्हणून रागावतात, पुन्हा जातात. एकोणसत्तर वर्षांच्या माणसाला दिवसाढवळ्या अशी माणसं भेटू लागली की तो फारसा एकटा राहत नाही.

कापूस वेचणीच्या दिवसांत, अशाच एका दुपारी मोहिनी आली. गावातल्याच शाळेत ती खेळ शिकवते. तिच्या हातात पत्र्याची पेटी होती. पेटीत वर परवान्याचं पुस्तक, खाली ठासणीचं पिस्तूल. ते तिच्या आजोबांचं, शालिग्रामआबांचं. आबा गेल्यावर कचेरीत खेटे घालून तिनं ते रीतसर आपल्या नावावर करून घेतलं होतं.

हारुन मिस्त्रींनी पिस्तूल ओळखलं. पंचक्रोशीत ते कोण ओळखत नव्हतं? रानडुकरं कपाशीत शिरली की आबा ते झाडायचे आणि डुकरं शांतपणे चालत निघून जायची. एकही गोळी कधी कशाला लागली नाही. बस चुकली, सोयरीक फिसकटली, की लोक म्हणायचे, “हाई ते शालिग्रामना नेम शे.” आबा ऐकून हसायचे.

मोहिनी म्हणाली, “चाचा, मी एअर पिस्तुलावर बरा नेम धरते. पण याची गोळी एकदा उजवीकडे जाते, एकदा डावीकडे. दोष हाताचा की नळीचा, तेवढं सांगा.”

पेटीच्या तळाशी आबांच्या हातच्या सहा गोळ्या पडल्या होत्या. मिस्त्रींनी एक उचलली आणि उजेडात धरली. शिशावर अर्धचंद्रासारखा बारीक ओरखडा होता. दुसरीवर तसाच, तिसरीवरही.

तो ओरखडा त्यांच्याच कानशीचा होता. त्रेचाळीस वर्षांपूर्वी गोळ्यांचा साचा घडवताना त्यांचा हात निसटला होता. लग्नाला तेव्हा महिना झाला नव्हता, चित्त थाऱ्यावर नव्हतं. साचा दुसऱ्याच कुणाच्या बंदुकीसाठी केलेला. आबा साचा मागायला आले, तर पिस्तुलाची नळी न मोजताच मिस्त्रींनी तो उचलून दिला होता. वर, चालेल, असं सांगितलंही होतं.

मोहिनीला त्यांनी पिस्तूल ठेवून जायला सांगितलं. आठ दिवसांनी ये, एवढंच म्हणाले.

मऊ शिशाचा गोळा नळीतून हळूहळू ठोकत त्यांनी बाहेर काढला आणि मोजला. आत नळी साडेचौदा मिलिमीटरच्या किंचित वर भरली. तोंडाशी बार ठासायचा गज घासून घासून ती आणखी रुंद झालेली. आबांची गोळी जेमतेम तेरा. भोवती मलमलीची चिंधी गुंडाळली तरी ती आत डब्यातल्या हरभऱ्यासारखी खडखडणार, आणि सुटताना ज्या कडेला शेवटचा धक्का बसेल तिकडे जाणार. या नळीला आतून गोळीला फिरकी देणारे आटे नाहीत. गोळीला सरळ वाट दाखवणारं काही असेल तर ती चिंधीच.

आधी त्यांनी सव्वाचौदाची गोळी ओतली. मलमल लावून ती आत जाईना. लाकडी हातोडीनं ठोकली तर चपटी झाली आणि चिंधी फाटली. मग गोळी चौदाहून जराशी लहान केली. आता कापड जाड हवं होतं, पण किती?

त्यांची बायको अमिनाबी गाद्यांच्या खोळी शिवते. मिस्त्री तिच्या कात्रणांतून एकेक तुकडा उचलून मोजत बसले. तिनं थोडा वेळ पाहिलं, मग पट्ट्यापट्ट्यांच्या गादीपाटाचा तुकडा हातात घेऊन दोन बोटांत चोळला. हे घ्या म्हणाली, पण आधी उकळा, नव्या कापडात खळ असते, ती गेली की कापड खरं किती आहे ते कळतं. त्यांनी उकळला, वाळवला, मेण आणि तिळाच्या तेलात भिजवला. गोळी त्यात गुंडाळून नळीत सोडली. तोंडाशी सैल वाटली, पण पुढे अंगठ्याच्या जोरावर गज सरकत गेला आणि गोळी आत नीट बसली.

त्या आठवड्यात त्यांना झोपेत सारख्या गोळ्याच दिसत. चंद्राएवढ्या, संथ, पांढऱ्या कापडात गुंडाळलेल्या, कुठेही न आदळणाऱ्या.

ठाण्यात कळवून मोहिनीनं एका सकाळी त्यांना शेतावर नेलं. नाल्याच्या उंच मातीच्या दरडीशी मडकं ठेवलं होतं. निंबाखाली खाटेवर तिची आजी, धुरपदाबाई बसली होती. पंच्याऐंशी वर्षांची, नजर अजून शाबूत.

दारू आबा घालायचे तेवढीच घातली. मोहिनीनं पहिल्यांदा आजोबांची जुनी गोळी मलमलीत घालून झाडली. मडकं जागच्या जागी. मिस्त्रींनी पुढे जाऊन गवतातून चिंधी शोधून आणली. तिच्या मधोमध जळकं भोक होतं. गोळी सैल असल्यानं दारूची आग चिंधीतून आरपार गेली होती. मग नवी गोळी, गादीपाटाची चिंधी. आवाज झाला, धूर कपाशीवर पसरला, बोंडांत मिसळला, आणि क्षणभर सगळं शेतच जमिनीपासून सुटल्यासारखं दिसलं. धूर विरला तेव्हा मडकं नव्हतं. या वेळची चिंधी अखंड सापडली. कडांच्या थोड्या दशा सुटलेल्या, मधे काळसर गोल, बस्स.

मिस्त्री दोन्ही चिंध्या तळहातावर घेऊन खाटेपाशी गेले आणि खाली बसले.

“आक्का, आबाना नेम चांगला व्हता. गोळी चुकीनी व्हती. तिना साचा मी दिन्हा व्हता, न मोजता.”

धुरपदाबाईनं चिंध्यांकडे पाहिलं. जळकं भोक तिनं बोटानं चाचपलं. मोहिनी पिस्तूल पुसायची थांबली.

“चाळीस वरीस हासनात लोके,” म्हातारी शेवटी म्हणाली. “आते हाई सांगाले त्यासले कोठे धुंडू?”

तिनं रागही केला नाही आणि माफही केलं नाही. थोड्या वेळानं पदरानं खाटेची कड झटकली आणि वर बस म्हणाली, जमीन ओली शे. मग फडक्यातली ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी मोडून अर्धी त्यांच्या हातात दिली. तिच्याशेजारी बसून त्यांनी ती खाल्ली. मधेच ती नवऱ्याबद्दल सांगू लागली. गोळी झाडून आले की ते हातपाय धुवून गप्प बसायचे, आणि हसायचे ते फक्त लोकांसमोर. मिस्त्री ऐकत राहिले.

ऊन चढलं तसे त्यांचे डोळे जड झाले. खाटेवरच निंबाच्या खोडाला टेकून ते पेंगू लागले. पलीकडे मोहिनी दुसरं मडकं ठेवून पुन्हा बार भरत होती. अर्धवट झोपेत त्यांना गज सरकल्याचा आवाज आला, मऊ, एकसारखा, कुठेही न अडखळणारा. गोळी जागेवर बसली होती. डोळे उघडून बघायची त्यांना गरज वाटली नाही.