मुळाकडे लाल दोरा

थोआच्या गावात विंचरताना गळलेले केस बायका फेकत नाहीत; गुंडाळी करून भिंतीच्या फटीत खोचतात. त्यामुळे हनोईच्या प्रयोगशाळेतली हान्ह तपासणीसाठी केस मागायला आली, तेव्हा फटी उपसून तिच्यापुढे ढीग घातला गेला. हान्हनं मान हलवली. यातले कुणाचे, कोणत्या सालचे, मूळ कुठलं नि टोक कुठलं, कसं कळणार? मानेवरचे, अगदी कातडीलगत कापलेलेच हवेत.

बायका मागे सरकल्या. तेतचा, नव्या वर्षाचा सण तोंडावर आलेला आणि डोक्याला कात्री लावायची?

थोआ स्टुलावर जाऊन बसली. अठरा वर्षं ती खिएमकाकाच्या शेडमध्ये जुने टीव्ही फोडत होती. टीव्हीचं प्लास्टिक पेटू नये म्हणून त्यात घातलेली रसायनं ते दळताना धुळीबरोबर उडतात, हे तिला उशिरा कळलं. शेडच्या भिंतीला लागून बालवाडी, आणि बालवाडीत तिची नात. शेड हलवा म्हटलं, तर गावप्रमुख पुरावा मागत होता.

हान्हनं पेन्सिलीएवढी बट कापून मुळाकडे लाल दोरा बांधला. मग थोआनं बालवाडीच्या दिएपबाईंना धरून आणलं. त्यांनी शेडमध्ये कधी पाऊल टाकलं नव्हतं. म्हणूनच त्यांचे घे, असं थोआनं हान्हला बजावलं.

प्रयोगशाळेत केस आधी धुतात, पण ते पाणी ओतून देत नाहीत, वर बसलेली धूळ कळावी म्हणून वेगळं तपासतात. मग केस वाळवून, बारीक कातरून, विरघळवून आतली रसायनं यंत्रावर मोजतात. शेडमधून आणलेली प्लास्टिकची भुकटीही हान्हनं तशीच मोजली.

गावसभेत हान्हनं अहवाल वाचला. थोआच्या केसांत पुष्कळ, दिएपबाईंच्या कमी, पण होतीच. धुवणाचे नि भुकटीचे आकडेही तिनं वाचले. खिएमकाका हसला.

"अगं, धूळ आहे ती. केसांच्या शेंगा उकळून त्या पाण्यानं न्हा, जाईल."

हान्ह प्रामाणिक बाई. वर बसलेल्या धुळीतलं थोडं केसांत मुरतंच, एवढ्यावरून अंगात किती गेलं ते नक्की सांगता येणार नाही, असं तिनं कबूल केलं. थोआ उठून उभी राहिली. पण तिनं आवाज चढवला नाही.

"बरं काका, धूळच. मग तुमच्याच प्लास्टिकच्या भुकटीत सापडलं ते सगळं, एकमेकांशी त्याच प्रमाणात, दिएपबाईंच्या केसांच्या धुवणात कसं आलं? त्या काय टीव्ही फोडतात?"

पुरावा समोर होता. तेतनंतर शेड कालव्यापलीकडे न्यायची, असं गावप्रमुखानं लिहून घेतलं.

आपल्या अंगात किती गेलं, हे मात्र थोआला कुणी सांगितलं नाही. घरी विंचरताना मानेवरचे खुंट बोटांना टोचले. गळलेल्या केसांची गुंडाळी तिनं थोडा वेळ हातात धरली, आणि मग भिंतीच्या फटीत खोचून टाकली.