फोटोपुरती चावी

फोटो झाला तसा ताईसाहेबांनी हात पुढे केला.

"चावी दे."

मला वाटलं, त्यांनाही चावी धरून फोटो काढायचा असेल. मी हसत दिली. त्यांनी ती शिपायाकडे दिली आणि मला म्हणाल्या, "जा, मागे बस आता. मुलं सुटतील."

मागे म्हणजे व्हॅनच्या मागच्या चाकावरचा उंचवटा. तीच माझी जागा. जालन्यातल्या एका खासगी शाळेच्या व्हॅनवर मी मदतनीस होते. लेकरांना चढवायचं, उतरवायचं, कुणी ओकलं तर पुसायचं. एकदा सीटवर बसले होते. एका आईने खिडकीतूनच सांगितलं, "जरा सरकून बसा. लेकराला लागून बसू नका." आमच्या वस्तीला निळी कमान आहे, आणि मी त्या कमानीतून येते हे तिला माहीत होतं. तिच्या लेकराची ओकारी मात्र माझ्या हाताला चालायची. मी सरकले, ती उंचवट्यावरच जाऊन बसले.

अशा मला ताईसाहेब म्हणाल्या होत्या, "तू ड्रायव्हिंग शीक. लर्निंग काढ, मग पक्कं लायसन काढ. रशीदभाई थकलेत. व्हॅन तुझ्याच हातात देते. तू आमच्या घरातलीच आहेस." ताईसाहेब म्हणजे शाळेच्या मालकीणबाई. हे बोलताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. अशा घरातल्या बाईने तोवर कधी मला हात लावला नव्हता. मी तिथेच विरघळले.

व्हॅन चालवणारे रशीदचाचा मला शिकवायला लागले. वाहतुकीच्या नियमांचं पुस्तक त्यांनीच आणून दिलं. रस्त्यात पाटी दिसली की विचारायचे, "ही काय सांगून राह्यली?" मी उत्तर द्यायचे, मागून लेकरं ओरडून चूक की बरोबर सांगायची. आमच्याकडे पाट्या कमी, आणि आहेत त्यांच्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स. मग उरलेल्या पाट्या मी भाकरी थापताना घोकायचे. नवरा म्हणायचा, परातीत सिग्नल बसव आता.

परीक्षेला आरटीओ ऑफिसात गेले. संगणकापुढे बसवलं. प्रश्न आला, पट्ट्यांवरून माणूस रस्ता ओलांडत असेल तर काय कराल? मी दाबलं, हॉर्न वाजवून पुढे जावे. जन्मभर तेच पाहिलं होतं. जुन्या जालन्यात कोण थांबतं माणसासाठी? पुस्तक पाठ होतं, पण तिथे बसल्यावर रस्ताच आठवत गेला. नापास.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत ताईसाहेबांनी सगळ्यांना सांगितलं, "आमच्या ड्रायव्हर मॅडम हॉर्न वाजवून नापास झाल्या." सगळे हसले. मीही हसले. आज त्या हसण्याचा मला राग येतो, त्यांच्यापेक्षा माझ्या.

पुन्हा गेले. निघताना चाचा म्हणाले, "जल्दी नको करू बेटा. बराबर वाच, मंग दाब." ह्या वेळी पास झाले. लर्निंगचा कागद घेऊन ऑफिसाबाहेर मी खूप रडले. माझ्या माहेरी-सासरी कुणाच्याही नावाचा असा कागद नव्हता.

त्याच आठवड्यात तो फोटो झाला. गुलाबी फेटा मला, हार ताईसाहेबांना. चावी माझ्या हातात, माझा हात त्यांच्या हातात. गेटवर मोठा फ्लेक्स लागला: आमच्या शाळेची व्हॅन, स्त्रीशक्तीच्या हाती.

दोन-चार दिवसांनी एका लेकराची विसरलेली बाटली द्यायला मी ऑफिसच्या दाराशी गेले. ताईसाहेब फोनवर होत्या.

"अहो, काळजी कशाला करता? ती नुसती फोटोपुरती आहे. त्या वस्तीतल्या बाईच्या हातात मी तुमची मुलं देईन का?"

बाटली माझ्या हातातच राहिली. खांद्यावर जिथे त्यांनी हात ठेवला होता, तिथे भाजल्यासारखं झालं. शिवी दिली असती तर सोसली असती. शिव्यांची सवय आहे. मायेने फसवलं, त्याची सवय नव्हती.

चाचांना सांगितलं. ते म्हणाले, "मला मालूम होतं. ड्रायव्हर त्यांनी पह्यलेच बघून ठेवलाय."

"मंग मला शिकवलं कशाला?"

"तू शिकून राह्यली होती म्हणून."

त्यांचाही राग आला. अजून पुरता गेलेला नाही.

मी परत ऑफिसात गेले. न विचारता खुर्चीवर बसले. "ताईसाहेब, फ्लेक्सवरून माझा फोटो काढा."

"अगं, तुझाच मान वाढतोय त्यात."

"मान न्हाई. माझं तोंड हाय ते. तुमच्या धंद्याला न्हाई द्यायचं मला."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

"उद्याचं कशाला? आत्ताच जाते."

टेबलावरची कात्री उचलली. गेटवर गेले आणि फ्लेक्समधून मला कापून काढलं. शिपाई बघत राहिला, अडवलं नाही. फ्लेक्सवरच्या ताईसाहेब तिथेच राहिल्या, हार घालून, हवेत हात धरून.

आता चाचांच्या भावाच्या छोट्या हत्तीवर, मालाच्या टेम्पोवर, हात बसवते. शिकताना शेजारी लायसनवाला माणूस लागतो, तो नियम आहे. म्हणून चाचांना म्हणाले, "बाजूला बसा. राग हाय अजून, पण बसा." ते बसतात.

पक्कं लायसन काढणार. बाजारात भाजी वाहणार. बाजाराचा रस्ता त्या शाळेवरूनच जातो. तिथे वेग कमी करीन. हॉर्न वाजवणार नाही, शाळेपुढे वाजवायचा नसतो. गेटवर कुणाचंही लेकरू रस्ता ओलांडत असेल तर थांबेन. खिडकीतून मला सरकवणाऱ्या त्या बाईचं असलं तरी थांबेन. ताईसाहेबांनी बोलावलं तर मात्र थांबणार नाही.