हलका पत्रा

ओलिंदो गास्पारिनीला माती दिली त्या दिवशी त्याच्या बायकोने, नीवेसने, शवपेटीवर फुलांशेजारी त्याची लाकडी हातोडी ठेवली. पाद्रीबाबांनी पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. पानारो नदीकाठच्या त्या गावात सगळ्यांना माहीत होतं, या माणसाचा जीव दोनच ठिकाणी गुंतला होता, बायकोत आणि कोर्राडींच्या निळ्या गाडीत. गाडी गेली. तिचं दुःख मात्र त्याने शेवटपर्यंत कुणाला वाटून दिलं नाही.

ओलिंदो पत्र्याचा कारागीर. वाळूच्या पिशवीवर ॲल्युमिनियमचा सपाट तुकडा ठेवायचा आणि ठोकत ठोकत संध्याकाळपर्यंत त्याला गाल, खांदे, पोट काढायचा. ठोका नीट बसला की नाही हे तो कानांनी ओळखे. गावात सगळे त्याला उस्ताद म्हणत. कोर्राडी ट्रॅक्टर दुरुस्त करत, पण त्यांच्या डोक्यात ग्रां प्रीचं वेड शिरलं आणि ट्रॅक्टरच्या शेडमध्येच शर्यतीची गाडी आकार घेऊ लागली. इंजिन इंग्लंडहून विकत आणलेलं, बहुतेक सगळ्यांकडे असायचं तसलंच. बाकी गाडी इंजिनियर तिराबोस्कींनी शेडच्या भिंतीवर कोळशाने रेखली आणि ओलिंदोने ती पत्र्यात उतरवली. चपटं रुंद नाक, दोन्ही कुशींत पेट्रोलच्या टाक्या, मागे इंजिन उघडंच. पहिल्यांदा ती दारात आली तेव्हा पाद्रीबाबांनी तीर्थ शिंपडलं आणि नीवेसने मारियामातेचं पदक चालकाच्या गुडघ्याजवळच्या पत्र्यावर ठोकून घेतलं.

देखणी होती, पण जड. शर्यतीच्या आधी वेळ लावून गाड्या निवडतात. मागे पडेल त्याने सामान बांधायचं. दोन हंगाम निळ्या गाडीने युरोपभर सामानच बांधलं. स्पेनमध्ये गिअर अडकला, बेल्जियममध्ये पावसाने इंजिनात पाणी शिरलं, ऑस्ट्रियाच्या चढावर तर काही न मोडताच मागे राहिली. यादीत तिचं नाव एकदाही लागलं नाही. तरी दर सप्टेंबरला नीवेस इटलीतल्या शर्यतीला, मोंझाला जायची, तंबूमागे चूल मांडायची आणि रश्श्यात तोर्तेलिनी, सारण भरलेल्या कणकेच्या पुरचुंड्या, सोडायची. मोठमोठ्या संघांचे मेकॅनिक वाडगे घेऊन तिच्या पातेल्याशी यायचे. पोटभर जेवायचे, वर टोमणेही मारायचे. काकूंचा स्वयंपाक पहिल्या नंबराचा, गाडी मात्र म्हैस, असं एकाने म्हटलं. दुसऱ्याने निळ्या कुशीवर टिचकी मारली.

"उस्ताद, हा पत्रा कोंबड्यांच्या खुराड्यावर घाला. गारांच्या बापाला भिणार नाही."

सगळे हसले. ओलिंदोही हसला. पण त्या दिवशी त्याने जेवण टाकलं.

तिसऱ्या वर्षी गाडीला पैसा पुरवणाऱ्या फरशीच्या कारखान्याच्या मालकांनी कोर्राडींना साफ सांगितलं, मोंझाच्या शर्यतीत गाडी उभी राहिली तर आमचा हात पाठीशी, नाहीतर शेडला कुलूप घाला. नीवेसने त्या दिवसापासून मारियामातेच्या रोजच्या जपमाळेत एक मागणं वाढवलं: आई, एकदा तिचं नाव यादीत लागू दे.

ऑगस्टच्या मध्यावर, मारियामातेच्या स्वर्गारोहणाच्या सणाला, गाव दारं लावून समुद्राकडे पळतं. ओलिंदो गेला नाही. रिकाम्या शेडमध्ये त्याने गाडीच्या दोन्ही कुशी आणि पाठ उतरवली आणि पातळ पत्र्यातून नव्याने ठोकायला घेतली. नीवेस कलिंगडाच्या फोडी घेऊन गेली तर हा घामाने निथळत, लहान पोरासारखा खूश.

"इंजिनियरसाहेबांना विचारलंस का?"

"विचारलं तर गंमत काय राहिली? त्यांना चालवून दाखवायची. तू तेवढं तोंड बंद ठेव."

"आणि मोडली म्हणजे?"

"जिथे जोर येतो तिथे हात लावलेला नाही. नीवेस, मी म्हातारा झालोय, खुळा नाही."

पदक त्याने आठवणीने नव्या पत्र्यावर बसवलं.

तिकडे डोंगरात आईच्या घरी सुट्टीला गेलेले तिराबोस्कीही तेच करत बसले होते. हलकी चाकं, लहान रेडिएटर, हिशेब करकरून त्यांनी गाडीचं वजन अगदी काठावर आणलं होतं. नियमाने गाडीला कमीत कमी वजन ठरलेलं असतं, त्याखाली गेली की बाद. पण त्यांच्या म्हशीला आजवर तो नियम आठवायची वेळच आली नव्हती.

गाडी ते नेहमी गावच्या वाइनरीतल्या द्राक्षांच्या काट्यावर तोलत. सप्टेंबरात मात्र तिथे द्राक्षांनी भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग रस्त्यापर्यंत आलेली. तिराबोस्की म्हणाले, राहू दे, वजन मला माहीत आहे. ओलिंदो शेजारीच उभा होता. तो मिशीतल्या मिशीत हसला.

शनिवारी मोंझाला निळी गाडी यादीत लागली. अगदी तळाशी, पण लागली. कोर्राडी भर गर्दीत रडले. नीवेसने चालकाचे दोन्ही गाल चुंबले, पातेलं चुलीवर चढवलं आणि ज्याला त्याला बोलावत सुटली.

मग अधिकाऱ्यांनी गाडी काट्यावर मागवली. दोन किलो कमी भरली. त्यांनी पुन्हा तोलली, तेवढीच. वेळ रद्द झाली, नाव खोडलं, मागे ताटकळत असलेली दुसरी गाडी वर सरकली.

तिराबोस्की गाडीजवळ गुडघ्यांवर बसले आणि बोटाच्या पेराने कुशीवर वाजवून पाहिलं.

"उस्ताद, हा आवाज आपल्या पत्र्याचा नाही."

"नाही. ऑगस्टमध्ये बदलला."

"मला सांगायचं होतंत."

"तुम्हाला आनंद होईल असं वाटलं, साहेब."

"झाला होता," तिराबोस्की म्हणाले. "तासभर झाला होता."

रस्सा तसाच गार झाला. टिचकी मारणारा मेकॅनिक वाडगा घेऊन आला आणि रिकामाच घेऊन परत गेला. नीवेसची बोटं खिशात माळेवर होती. रोज तिने जे मागितलं ते आईने दिलं होतं. नाव यादीत लागू दे, एवढंच तर तिने मागितलं होतं. त्यापुढचं मागायचं तिला सुचलंच नव्हतं.

महिन्याभरात शेडला कुलूप लागलं. गाडी कुणा हौशी माणसाने नेली, पदकासकट. ओलिंदोला कुणी बोल लावला नाही. कोर्राडी वाटेत भेटले की आधी तेच टोपी काढत, आणि ते त्याला शिवीपेक्षा जास्त लागे. पुढे तो ट्रॅक्टरांचे चेपलेले मडगार्ड सरळ करत राहिला. नवीन पत्रा पुन्हा कधी ठोकला नाही.

त्याच हिवाळ्यात काढून ठेवलेला जुना जाड पत्रा त्याने परसात नेऊन खुराड्यावर घातला. नीवेसला पाहवेना. ती म्हणाली, निदान हा तरी जपून ठेव.

"कशाला? त्याला त्याच्या जागेवर बसवला."

गारा पडायला लागल्या की तो डोक्यावर पोतं घेऊन खुराड्याशी जाऊन उभा राही आणि कान देऊन ऐके. नीवेस त्याला कधी आत बोलवत नसे.

तो गेला त्या वर्षी मे महिन्यात जोराच्या गारा पडल्या. शेजाऱ्यांच्या द्राक्षवेली झोडपल्या गेल्या. गारा थांबल्यावर नीवेस माळ घेऊन परसात गेली आणि निळ्या पत्र्यावरून तळहात फिरवत गेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुठे एक पोचा आला नव्हता.