आबांनी गिळलेला शब्द

लग्नानंतर चौथ्या दिवशी मी गाव सोडलं. आबा अंबाडी नाक्यापर्यंत सोडायला आले होते. नवरा पुढे भिवंडीची गाडी बघत होता आणि मी पदरात तोंड खुपसून रडत होते. आबा, म्हणजे माझे वडील, आमच्या गावच्या भजनी मंडळाचे बुवा. कुठलीही अडचण न्या, त्यांच्याकडे अभंग तयार. बैल आजारी पडला, अभंग. दोन जावांचं वाजलं, अभंग. तेव्हाही त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पोरी, आपला अभंग ध्यानात हाय ना? सोस. सोसलंस की सगलं ठीक व्हईल."

गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या तिथून निघालेल्या बायांनो, हे तुमच्यासाठी लिहितेय. रागाने लिहितेय, हे आधीच सांगून ठेवते.

भिवंडीत निजामपुऱ्यात दहा बाय बाराची खोली मिळाली. भिंतीला लागून लूमचा कारखाना, दिवसरात्र खडखड. गावाला दोन शेतांपलीकडून मारलेली हाक ऐकू यायची, इथे नवरा शेजारी बसून बोलला तरी ऐकू यायचं नाही. शेजारच्या झुबेदाचे ओठ बघून बघून मी हिंदी शिकले, खरंच सांगते. पहिल्याच वर्षी जीव मेटाकुटीला आला, तेव्हा बूथवर जाऊन फोन केला. "आबा, चार दिवस येऊ का?" तर तिकडून, "न्हाय गं, लगेच काय येतेस? सोस." पुढे मी राहनाळच्या गोदामात पॅकिंगच्या ड्युटीला लागले. आख्खी शिफ्ट उभ्याने. पायाच्या शिरा फुगल्या, तरी बसायला स्टूल मागितलं नाही. सोसायची इतकी सवय झाली की मला त्याची घमेंड वाटायला लागली.

आणि तीच घमेंड मी माझ्या सोनलला दिली. सोनल माझी एकुलती एक मुलगी, वसईला दिलीय. लग्नाआधी बालवाडीत शिकवायची. सासरी गेल्यावर सहा महिन्यांत नोकरी सुटली, मग एकटीने बाजारात जाणं बंद झालं, मग तिचा फोन नवऱ्याच्या खिशात राहायला लागला. दिवाळीनंतर एकदा कुणाच्या तरी फोनवरून तिने मला विचारलं, "आई, मी येऊ का गं?" माझ्या एका हातात चिकटपट्टी, समोर खोक्यांची रांग. मी काय म्हणावं? "सोस. आबांचा अभंग आठव." त्यानंतर पोरीने मला आपणहून फोन केला नाही. मी केला की जावई तिच्याकडे द्यायचा, आणि ती "बरी आहे" म्हणून ठेवायची.

गेल्या महिन्यात गावी सप्ताहाला गेले होते. भजनी मंडळाची वही पार जीर्ण झालीय, ती नव्या वहीत उतरवून दे, म्हणाले आबा. वही माझ्या आजोबांच्या हातची. आबा सहीपुरते शिकलेले, त्यांनी सगळे अभंग कानाने उचलले. घरात वहीला हळदकुंकू व्हायचं, फूल व्हायचं. उघडून वाचायची मात्र कुणाची छाती नव्हती. आम्हा पोरींना तर हातही लावू द्यायचे नाहीत. मी ओटीवर बसून एकेक अभंग उतरवत होते. आपला तो अभंग आला आणि मी जागच्या जागी थिजले. ध्रुवपदाच्या शेवटी आजोबांनी स्वच्छ लिहिलंय, "सोस सोड."

अहो, सोस म्हणजे हाव! दागिन्यांचा सोस म्हणतो ना आपण, तो सोस. तो सोड, असं सांगितलंय. आबा 'सोस'वर सूर लांबवतात, तिथेच पखवाजाची थाप पडते, टाळ कडकडतात, आणि 'सोड' त्यात गडप! सगळं गाव वर्षानुवर्षं अर्धंच ऐकत आलं. रस्त्याकडेचं शेत गोदामाला देऊन झालं, आता भावाच्या वाटणीवरही ज्यांचा डोळा आहे, ते पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवतात. ज्यांना सांगायचं होतं त्यांनी ऐकलं नाही, आणि ज्यांना कसलाच सोस नव्हता त्या पोरी सोसत बसल्या.

वही घेऊन तशीच आबांपुढे गेले. बोटाने अक्षर न् अक्षर वाचून दाखवलं. त्यांनी वहीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "असंल. पन अर्थ काय वंगाल न्हाय ना झाला?" वाईट नाही? आबा, तुमच्या त्या अर्थात माझी पंचवीस वर्षं गेली आणि सोनल अडकून पडलीय! हे मी ओरडूनच म्हटलं, सगळ्यांसमोर. वहिनी आत निघून गेली. आबा बराच वेळ टाळांची दोरी चाचपत राहिले. संध्याकाळच्या भजनात त्यांनी तो अभंग घेतलाच, आणि परत 'सोस'वरच थांबले. या वयात चाल बदलत नाही म्हणे! मी मधूनच उठून आले.

भिवंडीला परतल्यावर झुबेदाला सगळं सांगितलं. ती भाजी चिरता चिरता थांबली. "अब्बा से बाद में लड़ना. पहले लड़की को बुला. मेरी खटिया खाली पड़ी है, ले जा." इतक्या वर्षांत माझ्या माहेरच्या एकाही माणसाला हे सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत गोदामाच्या गेटवरून जावयाच्या फोनवर फोन लावला. सोनलला दे, म्हटलं, आणि ती येईपर्यंत ठेवला नाही.

"ये तू घरी."

"का गं? कुणाला बरं नाहीये का?"

"तुला बरं नाहीये."

ती हळूच म्हणाली, "तूच म्हणाली होतीस ना, सोस?"

"चुकलं माझं. मला जे शिकवलं तेच चुकीचं होतं, आणि मी न विचारता तुला दिलं. आज संध्याकाळीच मी आणि तुझे पप्पा न्यायला येतोय."

मागे जावयाचा आवाज येत होता, काय म्हणतेय तुझी आई? मला वाटलं, आता ठेवते की काय. तर तिने अगदी बारीक आवाजात विचारलं,

"किती दिवसांसाठी, आई?"

"गप गं," मी म्हटलं. "आपल्या घरी यायला दिवस कसले विचारतेस?"